कंपनीचा विषय, मार्गदर्शकांचा विषय की स्वतःचा? अंतिम वर्षाच्या प्रकल्प प्रस्तावाचा तुलनात्मक आढावा

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षातील प्रकल्पाचा विषय साधारणपणे तीन ठिकाणांहून येतो. एखादी कंपनी आपली अडचण सोडवायला देते, मार्गदर्शक आपल्या चालू संशोधनाचा एक भाग सोपवतात किंवा गट स्वतःच समस्या शोधून काढतो. तिन्ही वाटांनी उत्तम प्रकल्प झालेले आहेत. मात्र प्रस्ताव लिहायला बसल्यावर प्रत्येक वाटेची अडचण वेगळ्या परिच्छेदात उभी राहते. निवड करताना बहुतेक गट विषय किती नवा किंवा आकर्षक आहे एवढेच पाहतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा निकष पडताळणीच्या परिच्छेदाचा आहे. आपले काम यशस्वी झाले हे कोणत्या मोजमापाने, कोणत्या साधनाने आणि कोणत्या मर्यादेपर्यंत सिद्ध करणार, हे आज हाती असलेल्या माहितीवर लिहिता येत असेल, तर तो विषय घेण्याजोगा आहे.

तुलना नेमकी व्हावी म्हणून एकच विषय तिन्ही वाटांनी तपासून पाहू: फिरत्या यंत्राच्या बेअरिंगमधील दोष कंपनांवरून ओळखणे. यांत्रिकी, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या चारही शाखांचे गट हा विषय घेऊ शकतात.

कंपनीकडून आलेल्या विषयात समस्या विधान लिहिणे सर्वांत सोपे असते, कारण अडचण खरी असते आणि ती कोणाची आहे हेही ठाऊक असते. यंत्र अचानक बंद पडले की उत्पादन थांबते, एवढे एक वाक्य पुरेसे होते. अवघड जातो तो डेटा. व्यवस्थित चालणाऱ्या कारखान्यात बेअरिंग पूर्ण बिघडेपर्यंत कोणी थांबत नाही; देखभालीच्या वेळापत्रकानुसार ते आधीच बदलले जाते. त्यामुळे चांगल्या बेअरिंगच्या नोंदी भरपूर आणि सदोष बेअरिंगच्या नोंदी जवळजवळ नाहीत, अशी स्थिती असते. अशा वेळी "९५ टक्के अचूकतेने दोष ओळखणे" हे उद्दिष्ट ऐकायला भारदस्त असले तरी निरर्थक ठरते. समजा १०० नोंदींपैकी ९७ चांगल्या बेअरिंगच्या आहेत. मग प्रत्येक वेळी "सर्व ठीक" एवढेच सांगणारी प्रणालीदेखील एकही दोष न पकडता ९७ टक्के अचूक ठरते. म्हणून या वाटेने जाणाऱ्या गटाने प्रत्यक्ष दोषांपैकी किती पकडले आणि खोट्या सूचना किती दिल्या, हे दोन आकडे उद्दिष्टात स्वतंत्रपणे मांडावेत. दोषाचे नमुने अगदीच नसतील, तर नेहमीच्या वर्तनापासून झालेले विचलन ओळखणे एवढीच व्याप्ती ठेवावी.

याच वाटेवर गोपनीयता करार येतो आणि तो प्रस्तावाच्या आधीच वाचायला हवा. मोजलेले आकडे अहवालात छापता येतील का, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या वेळी बाह्य परीक्षकांना दाखवता येतील का आणि तयार झालेल्या आराखड्यावर किंवा प्रोग्रामवर हक्क कोणाचा राहील, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत विषय निश्चित झाला असे समजू नये. कंपनीचे कामकाज सत्राच्या तारखांनुसार चालत नाही, हेही वेळापत्रक आखताना लक्षात ठेवावे लागते.

मार्गदर्शकांच्या संशोधनातून आलेल्या विषयाचे चित्र जवळजवळ उलटे आहे. चाचणीची मांडणी प्रयोगशाळेत तयार असते, सेन्सर असतात, आधीच्या गटाचा प्रोग्राम असतो आणि साहित्य आढाव्यासाठी कोणते शोधनिबंध वाचावेत हे सांगणारी व्यक्ती समोर असते. डेटाही बहुधा उपलब्ध असतो. बेअरिंगच्या बाबतीत अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने सर्वांसाठी खुला केलेला डेटा जगभर वापरला जातो. त्यात २ अश्वशक्तीच्या मोटरवर ० ते ३ अश्वशक्तीच्या भाराखाली, १२ आणि ४८ किलोहर्ट्झ दराने, म्हणजे सेकंदाला १२ आणि ४८ हजार मोजमापे घेऊन केलेल्या कंपनांच्या नोंदी आहेत, आणि दोष विद्युत ठिणगीने कोरून मुद्दाम निर्माण केलेले आहेत.

येथे कसोटी लागते ती "आमचे योगदान" या परिच्छेदाची. "पूर्वीच्या कामाचा विस्तार करणे" हे वाक्य प्रस्ताव तपासणाऱ्या समितीला काहीच सांगत नाही. आधी काय झाले आहे, कोठे थांबले आहे आणि त्यातला नेमका कोणता प्रश्न हा गट सोडवणार आहे, हे तीन वाक्यांत वेगळे काढता आले पाहिजे. या डेटावर ९९ टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळवून दाखवणे फारसे कठीण नाही, कारण एकाच लांब नोंदीचे तुकडे करून त्यांतले काही दोष ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीला शिकवण्यासाठी आणि काही तिला तपासण्यासाठी वापरले, तर प्रणाली दोष ओळखण्याऐवजी ती नोंदच ओळखते. निराळ्या भाराच्या नोंदी तपासणीसाठी ठेवल्या तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण वेगवेगळ्या भारांच्या नोंदी त्याच सदोष बेअरिंगवर घेतलेल्या आहेत. एका आकाराचे दोष संपूर्णपणे बाजूला ठेवून केवळ उरलेल्यांवर शिकवणे अधिक कडक आणि अधिक प्रामाणिक ठरते. अशा तपासणीत अचूकता घसरेल, पण ती किती आणि का घसरते हेच गटाचे स्वतःचे योगदान होऊ शकते, आणि प्रस्तावात ते उघडपणे मांडावे.

स्वतः शोधलेल्या विषयात मोकळीक सर्वाधिक आहे, आणि उपकरणांची निवड चुकण्याचा धोकाही सर्वाधिक आहे. उदाहरणार्थ, स्वस्त आणि सहज मिळणारा, कंपने मोजू शकणारा एमपीयू-६०५० सेन्सर पुष्कळ गट घेतात. मोटर मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला ३०, तर ९ गोळ्यांच्या ६२०५ या प्रकारच्या बेअरिंगमध्ये बाहेरच्या कड्यावरील दोषाची वारंवारिता, म्हणजे त्या दोषावर सेकंदाला होणारे आघात, फेऱ्यांच्या सुमारे ३.५८ पट, म्हणजे १०७ हर्ट्झच्या आसपास येते. या सेन्सरचा त्वरणमापक सेकंदाला जास्तीत जास्त १,००० नमुने देतो, म्हणजे तत्त्वतः फार तर त्याच्या निम्मी, ५०० हर्ट्झपर्यंतची कंपने त्यात दिसू शकतात. वरवर पाहता हिशेब जुळतो. परंतु सुरुवातीच्या अवस्थेतला बारीक दोष त्या १०७ हर्ट्झवर स्पष्ट दिसत नाही. त्याच्या आघातांनी यंत्राची काही किलोहर्ट्झमधली नैसर्गिक कंपने चेतवली जातात आणि त्यांच्या चढउतारांत तो दडलेला असतो. तो भाग या सेन्सरच्या आवाक्याबाहेर आहे. हे गणित प्रस्तावाच्या टप्प्यावर केले, तर दोन सरळ पर्याय उरतात: अधिक वारंवारितेचा सेन्सर घेऊन खर्च वाढवणे, किंवा उद्दिष्ट बदलून फिरत्या भागाचे असंतुलन ओळखणे, जे फेऱ्यांच्याच वारंवारितेवर, म्हणजे ३० हर्ट्झवर दिसते. दुसरा पर्याय कमी प्रतिष्ठेचा अजिबात नाही. तो पूर्ण करता येतो, मोजता येतो आणि ज्ञात वजन ज्ञात अंतरावर लावून पडताळताही येतो.

गटाला औद्योगिक नोकरीकडे जायचे असेल आणि करारातील उत्तरे समाधानकारक असतील, तर कंपनीचा विषय घ्यावा. पुढे संशोधनाकडे वळायचे असेल, तर मार्गदर्शकांचा विषय सर्वांत फायद्याचा ठरतो. स्वतःचा विषय मात्र गटात वर दाखवल्यासारखा हिशेब करणारी आणि साहित्य उशिरा आले तरी सोल्डरिंगपासून मोजमापापर्यंत सर्व काही हाताने करण्याची तयारी असणारी किमान एक व्यक्ती असेल, तरच घ्यावा.

निर्णय होत नसेल, तर या वाटा एकत्र आणता येतात. विश्लेषणाची पद्धत खुल्या डेटावर उभी करायची आणि पडताळणी कंपनीच्या यंत्रावर किंवा स्वतःच्या छोट्या मांडणीवर करायची. त्यासाठी गँट चार्टमध्ये, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्यात, एक तारीख ठळकपणे नोंदवावी आणि तिच्याखाली लिहावे की, या दिवसापर्यंत कंपनीचा डेटा अथवा मागवलेले साहित्य हाती न आल्यास पडताळणी खुल्या डेटातील बाजूला ठेवलेल्या नोंदींवर केली जाईल आणि पडताळणीचे उद्दिष्ट त्यानुसार मर्यादित होईल. ते मर्यादित उद्दिष्ट कोणत्या शब्दांत असेल, हेही त्याच पानावर लिहून मार्गदर्शकांची स्वाक्षरी घ्यावी.