खारघर: कॅन्सर पेशंटसाठीची एक्सरसाइज बॅच, आमचा अनुभव

आईचं ब्रेस्टचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालंय, आता फक्त गोळ्या चालू आहेत. तिच्यासाठी खारघरच्या एका फिजिओ क्लिनिकमध्ये ही बॅच लावली आणि ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी एकदा तरी जाऊन बघाच. ऑपरेशननंतर जो तो हेच सांगायचा, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने काही उचलू नका, हात सुजेल. त्या धास्तीने तिने हात पोटाशी धरून ठेवला तो इतका की पुढे ब्लाऊज घालायलाही खांदा वर जाईना.

इथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही. सगळी फाईल वाचली, सीबीसी म्हणजे रक्ताचा रिपोर्ट बघितला, कॅन्सर हाडात कुठे गेलाय का विचारलं, मग दोन्ही हातांवर मनगटापासून वर पेनाने खुणा करून टेपने घेर मोजला आणि वहीत लिहून ठेवला. हे माप अधूनमधून परत घेतात म्हणजे सूज यायला लागली तर लगेच कळतं. आधी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, मग पिवळा थेराबँड, म्हणजे ताणायचा रबरी पट्टा, मग अर्ध्या किलोचं डंबेल. वजन म्हटल्यावर आई घाबरलीच, तेव्हा त्यांनी नीट बसवून सांगितलं की २००९ मध्ये अमेरिकेतली एक ट्रायल, म्हणजे पेशंटवर केलेला अभ्यास, आली, त्यात हात सुजलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं तरी सूज वाढली नाही. आता दळणाची छोटी पिशवी ती स्वतः आणते, आणि मला ते बघून किती बरं वाटतं काय सांगू.

केमोने तळपाय बधीर झालेल्यांना खुर्चीची पाठ धरून तोल सांभाळायचे व्यायाम वेगळे देतात. घरी आठवड्यातून ३ दिवस ३० मिनिटं चालायचं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात, आई सेंट्रल पार्कला जाते. बॅचमधले एक काका आतड्याच्या कॅन्सरचे, त्यांना २०२५ च्या ट्रायलचं सांगितलं, ८८९ पेशंट होते, केमोनंतर ३ वर्षं देखरेखीखाली व्यायाम केला त्यांच्यातले ५ वर्षांनी सुमारे ८० टक्के कॅन्सर न उलटता जिवंत होते, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांत ७४. पण ते आतड्याच्या कॅन्सरचं आहे, बाकीच्यांना तसा शब्द देणार नाही हेही लगेच बोलल्या, मला हे फार आवडलं.

तक्रार एकच, क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. केमो चालू असलेल्या माणसाला ते जिने चढायला लावणं बरोबर नाही, खाली एखादी खोली घ्या प्लीज.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ताजे रिपोर्ट न्या. ताप असेल किंवा प्लेटलेट खाली असतील तर फोन करून सुट्टी घ्या, ते दिवस पुढच्या महिन्यात धरून देतात.