नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं टिग वेल्डिंगचं (आर्गन गॅसच्या आडोशाने करायचं बारीक वेल्डिंग) दुकान, विमानाचा एक्झॉस्ट करून घेतला

४ स्टार. एक कापला तो तारखांसाठी, कामात बोट ठेवायला जागा नाही.

आमचं टू सीटर किट विमान (सुटे भाग आणून स्वतः जोडायचं) बनतंय, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० एचपीवालं. रेडीमेड एक्झॉस्टचा एक पाइप इंजिन माउंटला जवळजवळ टेकत होता म्हणून चारही पाइप आपल्या मापाने करून घ्यायचे ठरले. ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आहे म्हणून लोकांना वाटतं नाशकात गल्लोगल्ली विमानाची कामं होतात, तसं काही नाही हो. आधी एका बुलेटचे सायलेन्सर करणाऱ्याकडे गेलो, तो म्हणे ३०४ मध्ये, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये, करून देतो, चकाचक दिसेल. दिसेल हो, पण पाइपमधला गॅस ८०० डिग्रीच्या वर जातो आणि तेवढ्या तापाने ३०४ वेल्डच्या कडेला कमजोर होऊन तडकतं. म्हणून ३२१ नंबरचं स्टेनलेस लागतं, त्यात टायटॅनियम असतं, ते हा कमजोरपणा येऊ देत नाही.

हे दुकान मुळात वाइनरी आणि डेअरीच्या पाइपिंगचं, आणि खरी मेख तिथेच आहे. दूध किंवा वाइन जाणारा पाइप आतून गुळगुळीत लागतो, त्यामुळे बाहेरून वेल्ड मारताना आतूनही आर्गन (वेल्डला हवा लागू न देणारा गॅस) सोडायची यांना सवयच आहे. मी सांगायच्या आत मिस्त्रींनी पाइपच्या तोंडाला टेप लावून नळी खुपसली होती! आर्गन नसेल तर आतला वेल्ड करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखा होतो आणि क्रॅक तिथूनच सुरू होते. काम झाल्यावर टॉर्च मारून आत बघितलं, हलका सोनेरी रंग, बस्स. फ्लँज (पाइप इंजिनला बोल्ट करायच्या टोकाच्या चकत्या) पण जाड लोखंडी प्लेटला बोल्ट करून मगच वेल्ड केले, त्यामुळे वाकले नाहीत आणि सिलिंडर हेडवर सपाट बसले.

एका गोष्टीवर वाद झाला. मफलरकडच्या बॉल जॉइंटला (पाइप थोडा हलू देणारा गोल सांधा) खेळ दिसला की मिस्त्री म्हणायचे, "साहेब, दोन टॅक मारू का, खडखड बंद होईल." टॅक म्हणजे वेल्डचे ठिपके, अजिबात मारू देऊ नका. इंजिन रबर माउंटवर असतं, चालू-बंद होताना जाम हलतं, जॉइंट हलला नाही तर पाइप तुटणार. तिथे स्प्रिंगच पाहिजे, सेफ्टी वायर लावून, आणि जॉइंटला अँटी-सीझ, म्हणजे तापून जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट. आम्ही कॅबिन हीटरची हवा एक्झॉस्टवरच्या जॅकेटमधून (पाइपभोवतीचं आवरण) घेतो, म्हणजे क्रॅक गेली की कार्बन मोनॉक्साइड सरळ केबिनमध्ये, वासही येत नाही, हे सांगितल्यावर ते गप्प झाले आणि मग स्वतःच प्रत्येक वेल्डला डाय पेनिट्रंट (बारीक क्रॅक दाखवणारा रंग) मारून दाखवलं.

पाइपचं मटेरियल तुम्हीच आणा, टेस्ट सर्टिफिकेटसकट, ३२१ त्यांच्याकडे स्टॉकला नसतं, आणि फिलर रॉड (वेल्डमध्ये वितळवून भरायची सळी) ३४७ चा मागा. "उद्या या" म्हणाले की परवा फोन करा. द्राक्षाच्या सीझनला, जानेवारी ते मार्च, जाऊच नका, सगळे वाइनरीच्या साइटवर असतात आणि शेठ फोन पण उचलत नाहीत.