कमी मेमरीचा संदेश: पेजिंग फाइल, जादा रॅम, एसएसडी की नवा संगणक?

मेमरी कमी पडत असल्याचा विंडोजचा संदेश वारंवार दिसू लागला की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतील अनेक घरांत थेट नव्या संगणकाची चौकशी सुरू होते. माझ्या मते तो पर्याय सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, कारण हा संदेश नेमका कशामुळे येतो हे पाहिल्यावर पुष्कळदा खर्चाची गरजच उरत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्स विभागात मेमरीखालचा 'कमिटेड' हा आकडा पाहावा. रॅम (चालू कामाची मेमरी) आणि डिस्कवरील पेजिंग फाइल (रॅम अपुरी पडल्यावर विंडोज वापरते ती राखीव जागा) मिळून जी एकूण मर्यादा होते, तिच्याजवळ वापर पोहोचला की हा संदेश येतो. त्यामुळे तेथे ८.० जीबीपैकी ७.६ असे काही नेहमीच दिसत असेल, तर टंचाई खरी आहे. मात्र एकाच प्रोग्रॅमचा आकडा काम नसतानाही वाढत राहत असेल, तर दोष त्या प्रोग्रॅमचा असतो आणि त्यावर कोणतीही खरेदी उपयोगाची नाही. तो अद्ययावत करावा किंवा काढून टाकावा.

पेजिंग फाइलला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करणे योग्य. विंडोज ही फाइल गरजेप्रमाणे स्वतःच वाढवते, परंतु सी ड्राइव्ह भरलेला असेल तर तिला वाढायला जागा मिळत नाही. लग्नसमारंभांचे व्हिडिओ आणि डाउनलोड केलेल्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून पंधरा-वीस जीबी जागा मोकळी केली आणि फाइलचे व्यवस्थापन विंडोजकडेच ठेवले, तर संदेश बहुधा थांबतो. वेग वाढावा म्हणून ही फाइल बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण त्याने एकूण मर्यादाच घटते. या उपायाची उणीव अशी, की जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला विखुरलेली माहिती वाचण्याच्या सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे फेऱ्याच जमतात. म्हणजे संदेश जातो, पण वाट पाहणे वाढते.

खरी टंचाई असेल तर रॅम वाढवणे हाच मूळ उपाय आहे, आणि ४ जीबीच्या संगणकात ८ जीबी केल्यावर ब्राउझर वापरणाऱ्या घराला फरक लगेच जाणवतो. त्याआधी विंडोज ६४ बिटची असल्याची खात्री करावी, कारण घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरतच नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन प्रकारांच्या पट्ट्यांवरील खाचा वेगळ्या जागी असतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊन दुकानात जावे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, तर खानापूरकरांना बेळगावच सोयीचे. पट्टी सदोष निघाल्यास परत जाता येईल असेच दुकान निवडावे, मग दर थोडा जास्त असला तरी चालेल. २०२५च्या अखेरीस रॅमचे दर जगभर बरेच चढले, त्यामुळे वापरलेली पट्टी घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे; तशी घेतली तर विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवून ती तपासावी.

लग्नपत्रिका किंवा फलकांची कामे घरी करणाऱ्यांसाठी एक वेगळी बाब आहे. जुना ३२ बिट प्रोग्रॅम साधारणपणे २ जीबीच मेमरी वापरू शकतो, त्यामुळे मेमरी संपल्याची तक्रार फक्त त्याच प्रोग्रॅममध्ये येत असेल, तर १६ जीबी रॅम घालूनही ती तशीच राहते. तिथे त्याची ६४ बिट आवृत्ती घेणे हाच मार्ग.

एसएसडीने, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कऐवजी बसवायच्या वेगवान डिस्कने, संगणक सुरू होण्याचा वेग स्पष्टपणे वाढतो, पण मेमरी वाढत नाही. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर निवड अशी करावी: 'कमिटेड' आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा सतत जास्त असेल तर आधी रॅम, तो कमी असूनही डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसत असेल तर आधी एसएसडी.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीला किमान २ आणि शिफारशीनुसार ४ जीबी रॅम पुरते. इंटरनेट, अभ्यास आणि शेताचा उतारा पाहणे एवढेच काम असेल तर हा विनाखर्च पर्याय चांगला आहे. परंतु टंकलेखनाचे प्रोग्रॅम म्हणून मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी एकाच संगणकावर वापरणाऱ्या सीमाभागातील घरांनी विंडोज सोडू नये.

नवा संगणक कधी घ्यावा, याचे उत्तर मेमरीपेक्षा सुरक्षेवर अधिक अवलंबून आहे. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार (म्हणजे नियमित सुरक्षा सुधारणा मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅमबरोबरच टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. आपला संगणक त्यात बसत नसेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर महाग रॅम त्यात घालू नये. नवा घेताना ८ जीबी ही किमान पातळी मानावी, आणि लॅपटॉपमधील रॅम बोर्डवरच पक्की जोडलेली असेल व पुढे वाढवायला जागा नसेल, तर सुरुवातीलाच १६ जीबीचा घ्यावा.