मॉर्फिनच्या प्रयोगासाठी कोणता उंदीर घ्यावा: सी57, डीबीए की 129?

"ओपिऑइडला (मॉर्फिनसारख्या औषधांना) जास्त संवेदनशील स्ट्रेन (उंदरांचा ठरावीक वंश) कोणता?" हा प्रश्न अर्धाच आहे. वेदना किती दबते, उंदीर किती धावतो, औषध आपणहून किती पितो, किती लवकर सरावतो आणि नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम तोडणारं औषध) दिल्यावर किती उड्या मारतो, ही पाच वेगळी लक्षणं आहेत. एका लक्षणात वरचा असलेला स्ट्रेन दुसऱ्यात तळाशी सापडतो. त्यामुळे आधी लक्षण ठरवा, मग उंदीर.

सी57बीएल/6जे आणि डीबीए/2जे ही जोडी याचा उत्तम नमुना. 10 मिग्रॅ प्रतिकिलो मॉर्फिन त्वचेखाली दिलं की थोड्याच वेळात सी57ची शेपटी ताठ होऊन पाठीवर वळते आणि तो पिंजऱ्याच्या भिंतीला धरून न थांबता फेऱ्या मारत सुटतो. डीबीए त्याच डोसवर फारसा धावत नाही. हॉट प्लेटवर (गरम पृष्ठभागावर ठेवून केलेल्या वेदना चाचणीत) मात्र वेदनाशमन त्याच्यातच जास्त दिसतं. हे उलटं चित्र 1970च्या दशकापासून माहीत आहे. पण त्यात एक मेख आहे. हॉट प्लेटवर आपण मागचा पंजा चाटणं किंवा झटकणं टिपतो, आणि गोल गोल धावणाऱ्या प्राण्यात नेमकं तेच टिपणं अवघड जातं. म्हणून सोबत शेपटी गरम पाण्यात बुडवण्याची चाचणी ठेवावी: पाणी 49 अंश सेल्सिअस, कमाल मुदत 15 सेकंद, मोजमाप इंजेक्शननंतर साधारण 30 मिनिटांनी. स्ट्रेनचा मूळ प्रतिसादच वेगवेगळा असतो, त्यामुळे नुसते सेकंद शेजारी मांडून तुलना होत नाही. औषधानंतरच्या वेळेतून त्याच उंदराची मूळ वेळ वजा करा, तिला कमाल मुदत वजा मूळ वेळ याने भागा आणि 100ने गुणा. आणि दोन चाचण्यांत स्ट्रेनची क्रमवारी वेगळी आली तर दचकू नका, तसं होतंच.

डोस मोजतानाची नेहमीची चूक क्षाराची (सॉल्टची). मॉर्फिन सल्फेट पेंटाहायड्रेटमध्ये प्रत्यक्ष मॉर्फिन साधारण 75 टक्के असतं. म्हणजे क्षाराचे 10 मिग्रॅ घेतले की बेसचे (निव्वळ मॉर्फिनचे) 7.5च पोचतात. जुन्या आकड्यांशी तुलना करताना तो डोस क्षाराचा होता की बेसचा, हे पाहिल्याशिवाय स्ट्रेनमधल्या फरकाबद्दल बोलू नये. प्रतिकिलो 10 मिली हे माप ठेवलं तर 25 ग्रॅमच्या उंदराला 0.25 मिली जातं. द्रावण 1 मिग्रॅ प्रतिमिली केलं की हिशेब डोक्यात राहतो.

पिण्याच्या चाचणीत फरक डोळ्यांत भरतो: दोन बाटल्यांपैकी मॉर्फिनची बाटली सी57 भरपूर पितो, डीबीए टाळतो. या दोघांच्या वंशजांवर केलेल्या जनुकीय मॅपिंगमध्ये सगळ्यात मोठा वाटा गुणसूत्र 10वर, म्यू रिसेप्टरच्या (मॉर्फिन जिथे जाऊन बसतं त्या प्रथिनाच्या) ओपीआरएम1 जनुकाजवळ सापडला. तरीही एवढ्यावरून 'सी57ला मॉर्फिनची ओढ जास्त' असं लिहिणं घाईचं ठरेल. मॉर्फिन कडू असतं आणि कडवटपणा झाकायला सॅकरिन घालतात. सी57ला सॅकरिनची गोडी नीट कळते. डीबीए आणि 129मध्ये टीएएस1आर3 या गोड चवीच्या रिसेप्टरचं रूप वेगळं असल्यामुळे त्यांना ती कमी कळते. म्हणजे बाटलीतला फरक थोडा जिभेचाही असतो. त्यामुळे औषध टोचून दिलेली जागा-पसंती चाचणी (औषध मिळालेल्या जागी प्राणी किती रमतो ते पाहणारी) किंवा शिरेतून स्वतः औषध घेण्याची पद्धत जोडीला हवीच. त्यातही संकेत म्हणून आवाज वापरणार असाल तर जपून: डीबीए/2जेचं ऐकणं कोवळ्या वयातच कमी व्हायला लागतं. तिथे दिव्याचा संकेत बरा. मात्र सी3एच किंवा एफव्हीबी हे स्ट्रेन घेतलेत तर तोही चालत नाही, कारण त्यांची दृष्टिपटलं लहानपणीच निकामी होतात.

129 घ्यायचा तो टॉलरन्ससाठी (सरावामुळे औषधाचा परिणाम घटण्यासाठी). 129पी3/जेमध्ये रोज मॉर्फिन देऊनही टॉलरन्स जवळपास तयार होत नाही, सी57मध्ये तो चांगलाच होतो. यंत्रणा शोधायची असेल तर ही जोडी डीबीएपेक्षा कामाची. विड्रॉवल (औषध सुटल्यावरचा त्रास) नॅलोक्सोननंतर 15 मिनिटांतल्या उड्या मोजून पाहतात आणि त्यातही स्ट्रेनमधला फरक मोठा असतो. अशाच स्ट्रेन-तुलनेतून एचटीआर3ए हे सेरोटोनिन रिसेप्टरचं जनुक पुढे आलं आणि तो रिसेप्टर रोखणाऱ्या ओन्डान्सेट्रॉनने उंदरांच्या उड्या कमी झाल्या.

सीएक्सबीके हा स्ट्रेन स्वस्तातला नॉकआउट (जनुक बंद पाडलेला उंदीर) समजून घेऊ नये. त्याच्यात ओपीआरएम1चं प्रमाण कमी असतं, शून्य नसतं. रिसेप्टर मुळीच नको असेल तर 1996 पासून उपलब्ध असलेला ओपीआरएम1 नॉकआउट घ्यावा. त्यात मॉर्फिनचं वेदनाशमन, सुखद परिणाम आणि विड्रॉवल तिन्ही जातात. पण तो मूळ 129च्या पेशींतून आलेला असेल तर सी57शी दहा पिढ्या संकर करूनही जनुकाच्या दोन्ही बाजूंना मिळून सरासरी 20 सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं जनुकीय अंतर मोजायचं एकक) 129चा डीएनए उरतो. म्हणून तुलनेसाठी विकतचा सी57 नको, त्याच वेतातली सामान्य भावंडं घ्या.

नावातलं शेवटचं अक्षर गाळू नका. सी57बीएल/6जेमध्ये एनएनटी जनुकाचा तुकडा गायब आहे, सी57बीएल/6एनमध्ये सीवायएफआयपी2 जनुकात बदल आहे. बाल्ब/सीजे आणि बाल्ब/सीबायजे तर ऑक्सिकोडोनचं मेंदूतलं चयापचयजन्य द्रव्य, ऑक्सिमॉर्फोन, किती साठतं यातही वेगळे निघाले. नुसतं 'सी57' किंवा 'बाल्ब/सी' लिहिलेला निकाल दुसऱ्या कुणाला जुळवता येत नाही.

सीडी-1सारखे आउटब्रेड (मिश्र वंशाचे) उंदीर जनुकं शोधायला फारसे सोयीचे नाहीत. त्यासाठी आठ मूळ स्ट्रेनमधून तयार केलेले डायव्हर्सिटी आउटब्रेड घ्यावेत, मात्र प्रत्येक प्राण्याची जीनोटायपिंग करावी लागते आणि प्राणी शेकड्यांत लागतात. माणसाशी थेट ताडून पाहणार असाल तर हेही ध्यानात असू द्या: मॉर्फिनच्या विघटनातून उंदीर एम3जी हे द्रव्य बनवतो, माणसातलं क्रियाशील एम6जी बनवत नाही.

शेपटीच्या चाचणीच्या 8 हजारांहून अधिक नोंदी तपासल्या तेव्हा प्रयोग करणारी व्यक्ती हा घटक स्ट्रेनपेक्षाही वरचढ ठरला होता. त्यामुळे सी57 सकाळी एकाने आणि डीबीए दुपारी दुसऱ्याने केले, तर हाती आलेला फरक कशाचा, हे सांगता येणार नाही. दोन्ही स्ट्रेन, नर आणि मादी, एकाच माणसाने, एकाच सत्रात, आलटून पालटून करावेत.