ईजीआरला पत्रा टाकून सात महिने: वापरानंतरचा अनुभव

गाडी २०१४ ची, तेराशे सीसी डिझेल, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात. सप्टेंबरमध्ये १,१८,००० किलोमीटरला ईजीआर, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, पत्रा टाकून बंद केला, मार्चअखेर परत चालू केला. मधे ११,००० च्या आसपास चालली.

माझं काम टॉवेलचं, सोलापुरात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून सॅम्पल उचलायचे, नवी पेठेत दाखवायचे, ट्रान्सपोर्टला टाकायचे. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या उड्या, इंजिन धड तापतही नाही. महिन्यातून दोनदा पुणे. ईजीआर तुंबायला याहून चांगला वापर सांगता येणार नाही. सात रस्त्याच्या सिग्नलवरून उठताना गाडी गचके खायला लागली आणि आरशात बघावं तर मागे काळा ढग. एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "काय बे, भट्टी लावलास का?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, "ईजीआर उघडाच अडकलाय साहेब. साफ करून देतो, पण वर्षानं परत येताल. त्यापेक्षा पत्रा टाकू, कटकट मिटली."

पत्रा म्हणजे गॅस्केटच्याच आकाराची पोलादी पट्टी, फक्त मधलं भोक नसलेली. ती एक्झॉस्टकडच्या तोंडाशी बसवली की धूर परत इंजिनात जात नाही. काही जण अख्खा व्हॉल्व्ह आणि कूलर काढून टाकतात, त्यात कूलंटचे पाइप जोडत बसावं लागतं. आम्ही नुसता पत्रा टाकला. मजुरीसकट ६०० रुपये.

पहिला आठवडा मी हवेत होतो. दुसऱ्या गेअरला गाडी विनातक्रार उचलायची, धूर गायब. अॅव्हरेज १५.८ वरून १७.९ वर, टाकी फुल ते टाकी फुल. चार-पाच जणांना मीच सल्ला दिला की पत्रा टाका म्हणून. त्या दिवशी मिस्त्रींनी व्हॉल्व्ह आणि इनटेकचं तोंडही खरवडलं होतं, हे मात्र तेव्हा हिशेबात धरलं नाही.

चौथ्या दिवशी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर पी०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह उघडतो, येणारी ताजी हवा मोजतो, ती कमी व्हायला हवी तर होत नाही, म्हणून तक्रार करतो. मिस्त्री म्हणाले, पत्र्याला बारीक भोक पाडू, फसतो कधीकधी. नाहीतर सॉफ्टवेअर बदलून घ्या. मी म्हटलं राहू दे, दिव्याला काय खायला घालायचंय.

इथेच चुकलो. फेब्रुवारीत पुण्याहून येताना टेंभुर्णीजवळ उसाच्या ट्रेलरला ओव्हरटेक करायला गेलो तर गाडीत दमच नाही. घाटकाम नाही, लोड नाही, तरी नाही. दोन आठवडे तशीच रेटली, कारण दिवा तर आधीपासूनच लागलेला, नवीन काही कळणार कसं? शेवटी स्कॅन केलं तेव्हा पी०२९९ निघाला, म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारी रबरी नळी क्लॅम्पपाशी चिरली होती. दिवा बंद असता तर पहिल्याच दिवशी पेटला असता.

बाकी बारीकसारीक सांगायचं तर थंडीत सकाळी तापमानाचा काटा मधोमध यायला जास्त वेळ लागायचा आणि हलक्या अॅक्सिलरेटरला टकटक वाढली होती. टॉप स्पीड आणि चढावरची ताकद होती तेवढीच. फुल दाबल्यावर ईसीयू स्वतःच ईजीआर बंद करतो, मग पत्र्याने तिथे काय वाढणार? "पत्रा टाकला की पॉवर वाढते" हे मीही ऐकलं होतं. वाढते ती तुंबलेल्या गाडीच्या तुलनेत.

पण माझं मन फिरलं ते पीयूसीच्या दिवशी. डिसेंबरमध्ये सेंटरवाल्याने नळी खुपसली, चार वेळा रेस केलं आणि म्हणाला, "दहा वर्षांची गाडी वाटत नाही काका." मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या घनतेचं माप), माझा आकडा तिच्या जवळपासही नव्हता. आधी छाती फुगली, मग घरी येऊन जरा वाचलं. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात. ईजीआर ज्यासाठी बसवलाय तो नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. जळण फार तापलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. थोडा जळालेला वायू परत आत सोडला की ऑक्सिजन कमी पडतो, तापमान उतरतं, हा वायू कमी बनतो. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो वेगळाच. म्हणजे काळा धूर थांबवून मी न दिसणारा वाढवला होता, आणि वर शाबासकी घेऊन आलो होतो.

गंमत म्हणजे बीएस-४ हा गाड्यांच्या प्रदूषणाचा निकष देशभर १ एप्रिल २०१७ ला आला, पण ज्या मोठ्या शहरांत तो २०१० मध्येच लागू झाला त्या यादीत सोलापूर होतं, म्हणून माझी गाडी बीएस-४ च. त्या निकषात डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम. पत्रा टाकल्यावर माझी गाडी कितीवर होती देव जाणे. कायद्यानेही हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा फेरफार बसत नाही, आणि प्रदूषणाचा निकष मोडला तर कलम १९०(२) खाली १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. मला कुणी पकडलं नाही, हेही खरं.

मार्चमध्ये नळी बदलताना मिस्त्रींना म्हटलं, पत्रा काढा आणि यावेळी इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड पूर्ण उतरवा. ते हसले, पण उतरवला. आत जे दिसलं ते फोटोत कळणार नाही. काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर, नळीत जेमतेम करंगळी जाईल एवढी जागा. रात्रभर डिझेलच्या डब्यात भिजवला, सकाळी जुना स्क्रू ड्रायव्हर आणि तारेचा ब्रश. व्हॉल्व्हच्या मोटारीचा भाग कुठेही बुडवायचा नाही, तिथे कापडाला क्लीनर लावून पुसायचं. एक बोल्ट गंजून तुटला, त्यात अर्धा दिवस गेला. नवी गॅस्केटं धरून २,८०० रुपये.

आता दीड महिना झाला. अॅव्हरेज १७.६, म्हणजे पत्र्याच्या दिवसांपेक्षा ०.३ ने कमी, इतका फरक एसीनेही पडतो. पिकअप तेवढाच, टकटक कमी, दिवा बंद. ज्यांची गाडी बीएस-६ आहे त्यांनी तर पत्र्याचं नावही काढू नये, तिथला ईसीयू बारीक लक्ष ठेवतो आणि गाडी लिंप मोडला टाकू शकतो, म्हणजे मुद्दाम ताकद कमी करतो.

ज्या चार-पाच जणांना सल्ला दिला होता त्यातल्या दोघांना फोन केला. एकजण म्हणाला, "दिवा बंद करायला मी चिकटपट्टी लावलीय." पुण्याला जाताना आता मी मोहोळपर्यंत एक गेअर खाली ठेवून चालवतो, इंजिन चांगलं तापतं. पुढच्या वेळी मॅनिफोल्ड १,५०,००० ला उघडायचाय. करंगळी किती आत जाते ते तेव्हा बघू.