हेल्थ कार्ड पोराचं, विमा आई-बाबांचा

टोरांटोला पोराकडं राहून आलेल्यांकडून रंकाळ्यावर हमखास ऐकू येतं, ‘तिकडं दवाखाना फुकट!’ ते निम्मंच खरं.

कॅनडात १९८४ च्या कायद्यानं डॉक्टर आणि हॉस्पिटलचा आवश्यक खर्च प्रांताचं सरकार उचलतं. ओंटारिओत हेल्थ कार्ड दाखवायचं, बिलाचा विषयच नाही. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालेल्यालाही तेच कार्ड, जे तिथं जन्मलेल्याला. पूर्वी नव्यानं आलेल्यांना तीन महिने थांबावं लागायचं, ओंटारिओनं २०२० मध्ये ती अट काढली. ब्रिटिश कोलंबियात मात्र आलेला महिना आणि पुढचे दोन महिने आजही स्वतःच्या खिशातून. या बरोबरीला पैकीच्या पैकी गुण. शाहूंच्या गावात ती वेगळी समजावून सांगायला नको.

वेगाला मात्र काठावर पास. इमर्जन्सीत नंबर येण्याच्या वेळेवर नाही, आजाराच्या गांभीर्यावर लागतो. छातीत दुखतंय तो आधी आत, पाय मुरगळलेला तासन्‌तास बाकावर. मोठ्यांचे दात आणि चष्मा बहुतेक कार्डाबाहेरच.

आता सुपर व्हिसा, म्हणजे तिथं स्थायिक पोरांकडं जाणाऱ्या आई-बाबांचा व्हिसा. यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण हेल्थ कार्ड मिळत नाही. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा विमा अर्जासोबत दाखवावा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याची पावती हवी. हप्त्यानं घेतला तर पहिली रक्कम भरलेली हवी. मेडिकलही नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडूनच. फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट उपयोगाचं नाही.

क्लेम अडतो तो बीपी-शुगरवर. बऱ्याच पॉलिसींत जुना आजार ठरावीक मुदतीत, कुठं ९० तर कुठं १८० दिवस, ‘स्थिर’ असावा लागतो. त्या काळात गोळीचा डोस बदलला, अगदी कमी केला तरी, आजार अस्थिर धरला जाऊ शकतो. म्हणून निघायच्या तोंडावर ‘एकदा चेकअप करून गोळ्या बदलून घेऊ’ हा सल्ला महागात पडतो. डिडक्टिबल जास्त घेतला की हप्ता उतरतो. पण तेवढी रक्कम आजारपणात आधी आपणच भरायची असते.

आणि औषधं. प्रवाशाला जास्तीत जास्त ९० दिवसांची नेता येतात, तीही मूळ पाकिटात. डब्यात सुट्या करून भरलेल्या गोळ्या विमानतळावर अडचणीच्या. इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला केमिस्ट सहसा औषध देत नाही, तिथल्या डॉक्टरांची फी भरून नवी चिठ्ठी घ्यावी लागते. तेव्हा जुन्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम टाइप करून घ्या. राजारामपुरीत चटकन ओळखली जाणारी ब्रँडची नावं तिथं कुणालाच माहीत नसतात.