कोथरूडमधलं ऑटिझम थेरपी केंद्र: नोंदी उत्तम, पालक मात्र दाराबाहेर

इथली जमेची बाजू म्हणजे नोंदी. मूल किंचाळलं की आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, हे तिन्ही रकाने थेरपिस्ट तिथल्या तिथे भरतात. किंचाळून मोबाइल मिळत असेल तर किंचाळणं वाढणारच. म्हणून हव्या वस्तूचं चित्रकार्ड समोरच्याला देऊन ती मागायला मुलाला शिकवतात. हात धुण्याचे टप्पे पाडतात: नळ, साबण, चोळणं, पुसणं. हाताला धरून केलेली मदत हळूहळू कमी करतात. त्यात घाई झाली तर मूल अडतं, उशीर झाला तर मदतीवरच विसंबतं. ऑटिझममधली बरीच मुलं स्वतःला सावरायला हात फडफडवतात; ते सक्तीनं थांबवत नाहीत, हे फार चांगलं.

पालकांना सेशनमध्ये बसू देत नाहीत, ही मोठी उणीव. घरी मूल किंचाळल्यावर आजी मोबाइल देत राहिली तर शिकलेलं टिकत नाही. फी भरण्याआधी थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा.